टर्मक्स ॲप: दोन महिने वापरलं, एक सेकंडहँड फोनपण तपासला

आतेभावाला सेकंडहँड फोन घ्यायचा होता म्हणून रविवारी आम्ही दोघं कोल्हापुरात राजारामपुरीत फिरत होतो, तिथं एका दुकानात त्याला एक फोन आवडला, कलर बघूनच आवडला खरं तर, आणि दुकानदार म्हणाला १२ जीबी रॅम, १२८ स्टोरेज, एकदम कडक पीस आहे, साडेअकरा हजारला देतो. मी म्हटलं दोन मिनिटं द्या, एक ॲप टाकून बघतो. काळी स्क्रीन आणि त्यावर पळणारी पांढरी अक्षरं बघून दुकानदार काउंटरच्या बाहेरच आला, "ओ, हॅक बिक करालाय काय तुम्ही?"

हॅक नाही ओ, टर्मक्स आहे. फुकट, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना उघडा), जाहिरात एक नाही, २०१५ पासून आहे. अँड्रॉइडच्या खाली लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) असतो, त्याला सेटिंगमधल्या सजवलेल्या पानाच्या मागं जाऊन विचारायची सोय म्हणजे हे ॲप, आणि त्यासाठी फोन रूट (सिस्टमचा पूर्ण ताबा घेणं) करावा लागत नाही. कमांड मी इथं मराठीत लिहितोय, टाकताना इंग्लिश स्मॉल अक्षरातच टाका नाहीतर कमांड नॉट फाउंड येणार आणि मला शिव्या घालाल.

आधी इन्स्टॉलचं सांगतो कारण निम्मी लोकं तिथंच अडकतात. एफ-ड्रॉइड (ओपन सोर्स ॲपचं स्टोअर) किंवा गिटहबवरनं (टर्मक्सचा कोड जिथं असतो ती साइट) घ्या. प्ले स्टोअरवरच्या व्हर्जनला २०२० नंतर बराच काळ अपडेटच नव्हतं, कारण गूगलनं नवीन नियम आणला की ॲपनं स्वतःच्या फोल्डरमध्ये डाउनलोड केलेली फाइल चालवायची नाही, आणि टर्मक्सचं तर सगळं पोटपाणीच त्यावर. आता प्ले स्टोअरवर परत आलंय पण ते बिल्ड, म्हणजे बनवलेली आवृत्ती, वेगळं आहे. टाकल्यावर पहिलं पीकेजी अपडेट, मग पीकेजी अपग्रेड (टर्मक्समधली पॅकेजं, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, ताजी करायला), मधेमधे विचारेल तेव्हा एंटर दाबत राहायचं.

आता मूळ मुद्दा, रॅम. फ्री लिहायचं, स्पेस, वजाचं चिन्ह आणि एच. दुकानातल्या त्या फोनवर मेमच्या ओळीत टोटल आली ७.३ आणि खाली स्वॅपची (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेची) वेगळी ओळ. म्हणजे खरी रॅम ८ जीबी (थोडी कर्नल आणि हार्डवेअर आधीच राखून ठेवतं म्हणून ८ कधीच पूर्ण दिसत नाही) आणि वरची ४ म्हणजे स्टोरेजमधली जागा, तिला कंपन्या व्हर्च्युअल रॅम असलं भारी नाव देतात. स्टोरेज रॅमपेक्षा लय हळू, त्यामुळं ८ आणि ४ मिळून १२ हे गणित कागदावरच बरं. दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला "सेटिंगमध्ये लिहिलंय की", आणि खरंच लिहिलं होतं, ८ अधिक ४ असं, बारीक अक्षरात. माणूस खोटं बोलत नव्हता, अधिकचं चिन्ह तेवढं गिळत होता. ७०० रुपये कमी झाले!

त्याच ठिकाणी फ्री नावाचा कॉलम बघून घाबरू नका, तिथं दोनतीनशे एमबी दिसले तरी चालतंय, लिनक्स रिकामी रॅम कॅशला (परत लागणाऱ्या फाइली हाताशी ठेवायला) वापरतो, गरज पडली की सोडतो. अव्हेलेबलचा कॉलम बघायचा.

स्टोरेजसाठी डीएफ, स्पेस, वजा एच. लांबलचक यादी येते, मधे परमिशन डिनाइडच्या ओळी येतात, ते सोडा, स्टोरेज इम्युलेटेडवाली ओळ आपली. १२८ चे ११० च दिसले म्हणून दुकानदाराची कॉलर धरू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि डीएफ १०२४ च्या, तिथंच १२८ चे ११९ होतात, बाकीचं सिस्टम खाते.

बॅटरीनं मात्र मला अर्धा तास रडवलं. टर्मक्स-एपीआय हे (फोनची बॅटरी वगैरे टर्मक्सला वाचू देणारं) पॅकेज टाकलं, टर्मक्स-बॅटरी-स्टेटस मारलं आणि कर्सर नुसता लुकलुकत बसला, एरर नाही काही नाही. नंतर कळलं की पॅकेज वेगळं आणि टर्मक्स एपीआय नावाचं दुसरं ॲप वेगळं, दोन्ही लागतात, आणि ते ॲप पण जिथनं टर्मक्स घेतलं तिथनंच घ्यायचं, एक इथलं एक तिथलं केलं तर ॲपची डिजिटल सही जुळत नाही आणि इन्स्टॉलच होत नाही. हे ॲपमध्येच ठळक लिहायला काय जातंय? एकदा चाललं की टक्के, तापमान, चार्जिंग सगळं दाखवतं. पण हेल्थ गुड दिसलं म्हणून बॅटरी नवी समजू नका. बॅटरी तापली नाही, मेलेली नाही एवढंच ते गुड सांगतं, किती झिजली ते नाही. माझा चार वर्षांचा फोन दुपारच्या आत मान टाकतो आणि तोपण गुडच म्हणतोय.

तापमान मात्र कामाचं. एक दोस्त शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, त्याला दाखवून ठेवलंय, चार्जिंगला लावून गेम खेळताना ४३ दिसलं तसा गडी गेम बंद करून मोकळा.

आणि यूट्यूबवर जे टॉप आणि एचटॉप (चालू प्रोग्रॅमची यादी देणाऱ्या कमांड) दाखवतात ते साध्या फोनवर फुसकं निघतं. सातव्या अँड्रॉइडपासून एका ॲपला दुसऱ्याच्या प्रोसेस दिसत नाहीत आणि आठव्यापासून सीपीयूच्या वापराची फाइलपण बंद केली, त्यामुळं कुठलं ॲप फोन खातंय ते इथं कळत नाही, टर्मक्सला फक्त टर्मक्स दिसतं. सिक्युरिटीसाठी बरोबरच आहे म्हणा. डम्पसिस बॅटरी ही बॅटरीची सविस्तर माहिती देणारी कमांडपण असंच, परमिशन डिनायल, ते कॉम्प्युटरला केबल लावून एडीबीतनं (कॉम्प्युटरवरनं फोनला कमांड द्यायचं टूल) चालतं. चालू कमांड थांबवायला कंट्रोल सी, आणि कंट्रोलचं बटण सापडलं नाही तर व्हॉल्यूम कमीचं बटण दाबून सी.

पाचपैकी चार देतो, एक तो एपीआयचा अर्धा तास आठवून कापला.

दुकानात शेवटी गेटप्रॉप (सिस्टमची माहिती विचारायची कमांड) मारलं, पुढं आरओ डॉट बिल्ड डॉट व्हर्जन डॉट सिक्युरिटी अंडरस्कोर पॅच. तारीख आली २०२२ ची. म्हटलं बघ, तेव्हापासून एक सिक्युरिटी अपडेट नाही, बँकेचं ॲप टाकणार आहेस यात, विचार कर. आतेभाऊ म्हणाला, "अरे पण कलर बघ की!" घेतला. जाताना टर्मक्स काढून टाकलं, प्ले स्टोअरबाहेरनं ॲप टाकायची (अननोन ॲपची) परमिशन बंद केली, तोवर दुकानदार त्याच्या स्वतःच्या फोनवर एफ-ड्रॉइड शोधत होता.