३:२ की ६:५? ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसण्याआधी

कोल्हापूरचा भाचा पुढच्या शनिवारी पणजीत येतोय. त्याचा प्रश्न एकच: "मामा, ब्लॅकजॅकला कुठल्या टेबलावर बसू?" मामाला विचारणं हीच गंमत. १ फेब्रुवारी २०२० पासून आम्हा गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे मांडवीतल्या त्या बोटींचे दिवे मी किनाऱ्यावरूनच बघतो. हिशेबाला मात्र कुणी बंदी घातलेली नाही.

हा पत्त्यांचा खेळ: पानांची बेरीज २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा, म्हणजे पानं वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसापेक्षा, जास्त करायची. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान (दश्शी, गुलाम, राणी, राजा) आलं की ब्लॅकजॅक. त्याचा दर बहुधा टेबलाच्या कापडावरच छापलेला असतो. ३:२ म्हणजे शंभरावर दीडशे, ६:५ म्हणजे शंभरावर एकशेवीस. आकडे मोठे म्हणून ६:५ भारी वाटतो, पण छेद सारखा करून बघ: ३:२ म्हणजे ७.५:५.

तीस रुपयांचा फरक किती वेळा पडतो? सहा कॅट मिसळलेले असतील तर साधारण एकवीस डावांत एकदा ब्लॅकजॅक लागतो. त्यातले काही डीलरलाही लागल्यामुळे बरोबरीत जातात. उरलेल्यांचा हिशेब केला तर ६:५ मुळे कॅसिनोचा वाटा (लावलेल्या पैशांतून सरासरी त्यांच्याकडे राहणारा हिस्सा) सुमारे १.३६ टक्क्यांनी वाढतो. चांगले नियम असलेल्या ३:२ च्या टेबलावर, बेसिक स्ट्रॅटेजी (कुठल्या पानांवर काय करायचं याचा ठरलेला तक्ता) पाठ करून खेळलास, तर तो मुळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे एका छापील ओळीने तो साडेतीन पटींवर जातो. डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर) पान घेतो की थांबतो यावर लोक तावातावाने बोलतात, त्याचा फरक जेमतेम ०.२ टक्के.

आता खरी अडचण. समजा ६:५ च्या टेबलावर किमान डाव ५०० चा आहे आणि ३:२ च्या टेबलावर १,००० चा. स्वस्त कुठलं? पाचशेवर १.८६ टक्के (अर्धा अधिक १.३६) म्हणजे दर डावाला सरासरी ९ रुपये ३० पैसे. हजारावर अर्धा टक्का म्हणजे ५ रुपये. तासाला साठ डाव धरले तर ५५८ विरुद्ध ३००. दुप्पट पैसे लावूनही महागडं टेबलच स्वस्त! ३:२ चा किमान डाव पावणेचार पटींच्या आसपास गेला, की मग पारडं फिरतं. ही अर्थात सरासरी आहे. एका रात्रीत हजाराच्या टेबलावर चढउतारही दुप्पट बसतात. खिशात दहाच हजार असतील तर ६:५ वर बसलास म्हणून मी नावं ठेवणार नाही, पण डाव मोजकेच खेळ.

१:१ दर दिसला तर सरळ पुढे जा. तो ३:२ पेक्षा सव्वादोन टक्क्यांहून थोडा जास्तच महाग पडतो. अपवाद डबल एक्स्पोजर या ब्लॅकजॅकच्या प्रकाराचा. तिथे डीलरची दोन्ही पानं उघडी असतात, त्या बदल्यात ब्लॅकजॅकला १:१ मिळतात आणि बरोबरी बहुतेक वेळा डीलरची. उघडी पानं बघून भाळण्यात अर्थ नाही. स्पॅनिश २१ या दुसऱ्या प्रकारात पाच पानांत २१ केले तर ३:२, सहांत २:१, सात पानांत ३:१, शिवाय तुझे २१ हरतच नाहीत. कौतुकास्पद, फक्त कॅटमधल्या चारही दश्श्या आधीच काढून घेतलेल्या असतात. जेवणात भात वाढला आणि मासा उचलला, असला प्रकार.

डीलरचा एक्का दिसला की इन्शुरन्स विचारतील, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावर वेगळी पैज. २:१ दर ऐकायला गोड, पण सहा कॅटांत उरलेल्या ३११ पानांत दहाची ९६ आहेत. बरोबरीत सुटायला तिसरा हिस्सा, म्हणजे १०४ हवीत. नाही म्हण. तुझ्याकडे ब्लॅकजॅक असताना "इव्हन मनी" (लगेच १:१ घेऊन मोकळं व्हा) देऊ करतात तो हाच इन्शुरन्स, नाव तेवढं वेगळं.

या सगळ्या टक्क्यांवर भारी आहे तो जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के, तोही भरलेल्या रकमेवर. जिंकलेल्या पैशांतून पुन्हा लावलेल्या डावावर नाही. तेव्हा कॉइन (टेबलावर पैशांऐवजी लावायची टोकनं) एकदाच आणि थोडे घे.

आणि ओळखपत्र विसरू नकोस. एकवीस पूर्ण लागतात, आणि पत्ता कोल्हापूरचाच दिसू दे, माझा नको.