‘द नेम ऑफ द रोझ’: दोन वाचनांनंतर

इतिहास आणि खून एकत्र गुंफणाऱ्या कादंबऱ्या मी आवडीने वाचते. त्यातल्या बहुतेकांत इतिहास नेपथ्यापुरता असतो. एखादा जुना ताम्रपट, एखादी गुप्त खूण आणि मग शेवटपर्यंत पाठलाग. ताम्रपटाच्या जागी पेनड्राइव्ह ठेवला तरी कथानकाचं काही बिघडत नाही. उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ गेले काही महिने माझ्यासोबत आहे. एकदा गोष्टीसाठी वाचली, मग सावकाश, खुणा करत, आणि मधल्या काळात वाचनगटात तिच्यावर बरीच भांडणं झाली. या कादंबरीतून इतिहास काढला तर खूनच उरत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

मूळ इटालियन कादंबरी १९८० ची. मी वाचला तो विल्यम वीव्हर यांचा १९८३ चा इंग्रजी अनुवाद. काळ नोव्हेंबर १३२७, स्थळ उत्तर इटलीच्या डोंगरातला बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूंचा एक मठ. (आपल्याकडे याच सुमारास मुहम्मद तुघलक दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवत होता, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) हस्तलिखितांवर चित्रं काढणारा एक तरुण भिक्षू कड्याखाली मरून पडलाय. विल्यम ऑफ बास्करव्हिल हा फ्रान्सिस्कन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा साधू आणि त्याचा कोवळा शिष्य आद्सो मठात येतात. पोपचे दूत पोहोचण्याआधी मठाधिपतींना छडा हवा आहे. पुढचे सात दिवस मृत्यू थांबत नाहीत, आणि सगळ्या वाटा मठाच्या ग्रंथालयाकडे जातात. ते ग्रंथालय म्हणजे भुलभुलैया आहे आणि ग्रंथपाल व त्याचा मदतनीस सोडून आत जायला सगळ्यांना मनाई आहे.

गटातला एक तरुण वाचक पोलिसी तपासकथांचा भक्त. त्याने दुसऱ्या दिवसाच्या आसपासच पुस्तक ठेवून दिलं. सुरुवात उत्तम आहे हे त्यालाही मान्य होतं. बर्फातले ठसे आणि मोडलेल्या फांद्या पाहून विल्यम मठाचा पळालेला घोडा कसा दिसतो, कुठे गेला, इतकंच काय, त्याचं नावही सांगतो. पण त्यानंतर चर्चच्या दारावरच्या शिल्पांचं पानंच्या पानं वर्णन येतं आणि तिथे तो थकला. एकोंना ही सुरुवातीची शंभरेक पानं आटोपशीर करा असं स्नेह्यांनी आणि संपादकांनीही सुचवलं होतं. त्यांनी नकार दिला. ज्याला मठात सात दिवस राहायचंय त्याने मठाची चाल स्वीकारावी, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वाचनात मला हा हट्ट जड गेला. दुसऱ्या वाचनात तीच पानं सर्वांत आवडली, कारण पुढच्या मृत्यूंचा सगळा मालमसाला त्या शिल्पांत आधीच कोरलेला आहे.

पोपच्या दूतांशी फ्रान्सिस्कनांचा चालणारा वाद अनेकांना कंटाळवाणा वाटतो: येशू आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचं काही होतं का? मला विचाराल तर कादंबरीतला खरा ताण इथेच आहे. येशूपाशी काहीच नव्हतं असं म्हटलं की चर्चच्या गडगंज संपत्तीवर बोट ठेवलं जातं. आव्हिन्योंत बसलेला पोप बाविसावा जॉन हे कसं सहन करेल? त्याने १३२३ मध्येच ते मत पाखंड ठरवलं होतं. जर्मन राजा बव्हेरियाचा लुई पोपच्या विरोधात, म्हणून गरिबीचा आग्रह धरणाऱ्या फ्रान्सिस्कनांना त्याचा आधार. या ओढाताणीत १३०७ साली पाखंडी म्हणून जाळलेल्या फ्रा दोल्चिनो या बंडखोर धर्मोपदेशकाचे दोन जुने साथीदार मठात तोंड लपवून राहताहेत. पाखंड हुडकणारा चर्चचा अधिकारी बेर्नार गी चौकशीला बसतो तेव्हा खुनाचा तपास बाजूला पडतो आणि एका भेदरलेल्या माणसाकडून हवा तो कबुलीजबाब कसा काढून घेतात ते दिसतं. गी हा इतिहासातला खरा इन्क्विझिटर, चौकशी कशी करावी यावर त्याने ग्रंथच लिहिला होता. १९८६ च्या चित्रपटात त्याचा शेवट बदललाय. शॉन कॉनरीचा विल्यम मला आवडला, पण तो बदल नाही. गी सुखरूप निघून जातो हीच कादंबरीतली सर्वांत भीतिदायक गोष्ट आहे.

इतिहास आणि गुन्हा किती घट्ट बांधलेत याचं एक उदाहरण एकोंनीच नंतर सांगितलं. त्यांना एका मृत्यूसाठी डुकराच्या रक्ताने भरलेला रांजण हवा होता. डुकरं कापतात कडाक्याच्या थंडीत. पण फ्रान्सिस्कनांचा प्रमुख मिकेले दा चेझेना डिसेंबरमध्ये आव्हिन्योंला होता, म्हणजे गोष्ट नोव्हेंबरमध्येच संपायला हवी. मग नोव्हेंबरातही बर्फ पडावं म्हणून मठ डोंगरावर नेला! तारीख वाकवण्याऐवजी अख्खा मठ उचलून नेणारा लेखक मला फार मोठा वाटतो.

एका मैत्रिणीचा आक्षेप मात्र मला खोडता आला नाही. इतक्या मोठ्या पुस्तकात लक्षात राहावी अशी स्त्री एकच, एक गरीब गावकरी मुलगी, आणि तिला नावही नाही. मठ पुरुषांचा आहे, आद्सोला तिची भाषा कळत नाही, हे सगळं खरं. तरी तिचं पुढे जे होतं त्यावर कादंबरी जेवढी थांबते त्याहून जास्त थांबायला हवी होती.

शेवट फोडत नाही. एवढंच सांगते की विल्यमला गुन्हेगार सापडतो, पण त्याने रचलेला तर्क बरोबर होता म्हणून नव्हे. काही वाचकांना यात फसवणूक वाटते. मला वाटतं, हुशार तपासनिसाचं इतकं प्रामाणिक चित्र या प्रकारात क्वचितच मिळतं. खुनामागचं कारण तर त्या मठाबाहेर, त्या शतकाबाहेर उभंच राहणार नाही.

घेणार असाल तर छापील प्रत घ्या. मठाचा नकाशा पुन्हा पुन्हा उघडावा लागतो आणि फोनवर ते फार त्रासाचं होतं. प्रकरणं मठातल्या प्रार्थनांच्या वेळांनुसार आहेत, पहाटेच्या मॅटिन्सपासून रात्रीच्या कॉम्प्लीनपर्यंत. त्या वेळा सुरुवातीला समजावल्यात, ते पान वगळू नका. लॅटिन वाक्यं बऱ्याच ठिकाणी अनुवादाशिवाय येतात, पहिल्या वाचनात ती खुशाल सोडून द्या. एकोंचा उत्तरलेख जोडलेली आवृत्ती मिळाली तर उत्तम, पण तो कादंबरी संपल्यावरच वाचा.