रोजच्या खिशासाठी कोणता चाकू? माझे आवडते तीन आणि स्वप्नातला एक

पहिला चांगला घडीचा चाकू घ्यायचाय आणि स्टीलची नावं वाचून डोकं भणभणलंय, असं असेल तर स्टील जरा बाजूला ठेवा, आधी पात्याची जाडी बघा. रोज आपण कापतो काय, तर खोके, दोरी, प्लॅस्टिकची पाकिटं, एखादं सफरचंद. यात पातळ पातं सरसर जातं, आणि जाड पातं कितीही भारी स्टीलचं असलं तरी सफरचंद कापत नाही, पाचर मारल्यासारखं फोडतं.

म्हणून माझ्या यादीत पहिला ओपिनेल नंबर ८. फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० पासून बनतोय, पातं साडेआठ सेंटिमीटर आणि इतकं पातळ की टोमॅटोची साल नुसत्या वजनाने कापली जाते, मूठ बीचच्या लाकडाची, सगळं मिळून पन्नास ग्रॅमसुद्धा भरत नाही. गळ्याशी फिरणारी रिंग आहे, तिला विरोब्लॉक म्हणतात, ती १९५५ साली आली, फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. आता त्रास काय तर लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि पातं आत घट्ट अडकून बसतं, मग रिंग उघडी ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटायचं, पात्याची पाठ थोडी वर येते, ती चिमटीत धरून उघडायचं. कार्बन स्टीलचं घेतलंत तर धार लावायला मजा येते, पण लिंबू कापून तसंच ठेवलं तर काळं पडणारच, कोरडं पुसायची सवय नसेल तर सरळ स्टेनलेस घ्या.

व्हिक्टोरिनॉक्स पायोनियर अगदी वेगळ्या स्वभावाचा. ॲल्युमिनियमची खरबरीत मूठ, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, स्क्रूड्रायव्हर, भोक पाडायची आरी, सगळं ९३ मिलिमीटरमध्ये. स्टील मऊ आहे म्हणून लोक नाकं मुरडतात, मला तर तेच आवडतं, कारण बोथट झाला तरी दगडावर चार हात मारले की परत तयार. लॉक मात्र नाही आणि उघडायला दोन्ही हात लागतात.

आणि एका हाताने उघडायचा असेल, म्हणजे दुसऱ्या हातात खोका धरलेला असतो तेव्हा, तर स्पायडर्को डेलिका ४. पात्यातलं ते गोल भोक अंगठ्याला बरोबर सापडतं, हातमोजे घातले असले तरी. नेहमीचं मॉडेल जपानच्या सेकी शहरात बनतं, व्हीजी-१० नावाचं स्टेनलेस स्टील, वजन सत्तरएक ग्रॅम, मुठीच्या पाठीला बॅक लॉक, म्हणजे उघडलेलं पातं धरून ठेवणारी खिट्टी, खिशाला अडकवायला क्लिप. दिसायला साधा आहे, प्लॅस्टिकची मूठ बघून काहींचा हिरमोड होतो, पण एकच चाकू ठेवायचा म्हटलं तर मी हाच ठेवीन. बेंचमेड बगआउट याहून हलका, खिशात आहे हेच विसरायला होतं, फक्त मूठ जोरात दाबली की किंचित वाकते आणि मला ते खटकतं.

आता स्वप्नातला, ख्रिस रीव्ह सेबेंझा ३१. अमेरिकेत आयडाहोमधल्या बॉइसीला बनतो, टायटॅनियमची मूठ, आणि मुठीचाच एक भाग आत सरकून पात्याला टेकण देतो, टेकतो तिथे सिरॅमिकचा छोटा गोळा बसवलाय. पण मी वेडा झालो तो बिजागरीसाठी. बहुतेक चाकूंच्या बिजागरीचा स्क्रू जास्त आवळला की पातं जाम आणि सैल ठेवला की हलतं, मग पाव फेरा इकडे पाव फेरा तिकडे करत बसायचं, सेबेंझात मात्र आत नेमक्या मापाची बुशिंग, म्हणजे धातूची छोटी नळी, आहे, त्यामुळे स्क्रू पूर्ण घट्ट आवळायचा, विषय संपला. किल्ली सोबतच येते, घरी पूर्ण खोला, पुसा, तेलाचा थेंब टाका, परत जोडा. मॅग्नाकट स्टीलमध्येही मिळतो, ते २०२१ मध्ये आलं, गंजाला दाद देत नाही आणि तरी चिवट आहे.

पण तुम्ही ठरवायला बसलाय म्हणून स्पष्ट सांगतो, सेबेंझाचं पातं तीनएक मिलिमीटर जाड आहे आणि सफरचंदावर ओपिनेलच जिंकतो, आणि एका सेबेंझाच्या पैशात डझनावारी ओपिनेल येतात. तो जादा पैसा कापण्याचा नाही, घडणीचा आहे. घडणीचं वेड असेल तर जरूर पैसे साठवा, मी साठवतोय, नसेल तर डेलिका आणि एक बरा धारेचा दगड घ्या, १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक दाण्याचा, पुरतो.

घ्यायच्या आधी तुमच्याकडचा कायदा मात्र नक्की बघा. विमानात केबिन बॅगेत यातला कुठलाच नेऊ नका. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू चालतो, लॉकवाला योग्य कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही, म्हणजे तिथे ओपिनेल ८, डेलिका, सेबेंझा तिन्ही बाद आणि पायोनियर घ्यायचा.