केळीचा पैसा, भाड्याचा फ्लॅट आणि ओव्हरड्राफ्टचं गृहकर्ज : वर्षभराच्या वापरानंतर

जळगावात भाड्यानं द्यायला म्हणून आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, त्याला वर्ष उलटून गेलं. किंमत २७ लाख, कर्ज २० लाख, भाडं महिना साडेआठ हजार. कर्ज नेहमीच्या हप्त्याचं नाही, ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज आहे, म्हणजे खात्यात जादा भरलेले पैसे लागतील तेव्हा परत काढता येतात. ज्या घरात पगारही येतो आणि शेतीचा पैसाही येतो, त्या घरानं हा प्रकार आधी बघावा असं माझं ठाम मत झालंय.

भाड्यातून हप्ता फिटतो, हे पहिलं डोक्यातून काढा. २० लाख, २० वर्षं, ८.७५ टक्के धरले तर हप्ता १७,६७४ रुपये. आमचं भाडं त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, भाडेकरू बदलला की रंग, हे वेगळंच. मेडिकल कॉलेज झाल्यापासून शहरात डॉक्टर, नर्स, विद्यार्थी असे भाडेकरू मिळतात हे खरं, पण तरी दरमहा नऊ हजारांच्या वर खिशातून घालावे लागतात. म्हणून कोणतं कर्ज घ्यायचं हे ठरवताना मी व्याजदरापेक्षा आमच्या घरात पैसा कधी येतो आणि कधी लागतो, हे जास्त पाहिलं.

मी शिक्षिका, मिस्टर यावल तालुक्यात केळी करतात. बाग कापणीला आली की रक्कम एकदम हातात येते. पुढे रोपं, खतं, ठिबक, मजुरी यात ती हळूहळू जाते. साध्या गृहकर्जात मधेच जादा पैसे भरले तर व्याज कमी होतं, पण ते पैसे पुन्हा काढता येत नाहीत. ओव्हरड्राफ्टच्या खात्यात ते काढता येतात. स्टेट बँकेचं मॅक्सगेन किंवा बँक ऑफ बडोदाचं होम लोन ॲडव्हान्टेज ही याच जातीची. खात्यात जादा रक्कम जितके दिवस पडून असेल तितके दिवस बँक तेवढ्या रकमेवर व्याज लावत नाही. तीन लाख ठेवले तर ८.७५ टक्क्यांनी दिवसाला साधारण ७२ रुपये वाचतात, तीन महिन्यांत साडेसहा हजारांच्या आसपास. बचत खात्यात एवढं कधीच मिळालं नसतं. मुदत ठेवीचा दर सहसा कर्जाच्या दरापेक्षा कमी असतो, आणि त्या व्याजावर कर लागतो तो वेगळा.

खरा उपयोग कळला तो उन्हाळ्याच्या शेवटी. वादळी वाऱ्यानं बागेचा एक भाग आडवा झाला, त्यातच भाडेकरू बदली होऊन गेला आणि फ्लॅट काही दिवस रिकामा राहिला. खात्यातली जादा रक्कम काढली, हप्ताही चुकला नाही आणि नव्यानं कुणापुढे हात पसरावा लागला नाही. रावेर-यावल-चोपड्याकडच्या माणसाला याचं मोल सांगायला नको.

आता दुसरी बाजू. याचा दर साध्या गृहकर्जापेक्षा थोडा जास्त असतो. खात्यात जादा पैसे ठेवायची ऐपत नसेल तर हे कर्ज महागच पडतं, सरळ साधं घ्या. काढता येणाऱ्या रकमेची मर्यादा दरमहा ठरल्याप्रमाणे खाली येते, ती नीट समजून घ्या. आमच्या शाखेत तर कर्जासोबत विमा घ्यावाच लागेल, असं तोंडी सांगून हप्त्यात मोठी रक्कम जोडायला बघत होते. ‘मॅडम, सगळेच घेतात,’ एवढाच खुलासा. कर्जासाठी त्या बँकेचाच विमा घेणं सक्तीचं नाही. लेखी मागितल्यावर विषय बंद झाला.

स्वतःची रक्कमही अंदाजापेक्षा जास्त लागते. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज चालतं, पण बँकेचं मूल्यांकन सौद्याच्या किमतीपेक्षा कमी निघालं की गणित बदलतं. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, ती आपल्याच खिशातून. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला, त्यामुळे मुद्रांक शुल्कात बाईला मिळणारी एक टक्क्याची सवलत मिळाली, २७ हजार वाचले.

सासऱ्यांचं म्हणणं होतं, घरात सोनं आहे, गावात घर आहे, कशाला एवढे कागद? आबांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण मालमत्ता तारण कर्जाचा दर गृहकर्जापेक्षा जास्त आणि मुदत कमी, आणि गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) नसेल तर बँक दारातच थांबवते. सोनं तारण चटकन मिळतं, जळगावात तर अधिकच, पण ते दोन-चार महिन्यांची फट भरायला. वीस वर्षांच्या मालमत्तेला एक वर्षाचं कर्ज लावायचं नाही. पतसंस्थेतल्या ओळखीही निघाल्या. तिथला दर जास्त, शिवाय पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत. बँकेच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, ते संरक्षण तिथे धरून चालू नका. आणि पीककर्ज फ्लॅटमध्ये घालू नका, कुणी कितीही सांगो. तीन लाखांपर्यंत वेळेवर फेडलं तर केंद्राच्या व्याज सवलतीनं ते चार टक्क्यांना पडतं. ते शेतासाठी आहे, शेतालाच लागणार आहे.

आम्ही कर्ज घेतलं तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, ६.५० टक्के होता. फेब्रुवारी २०२५ पासून तो उतरत डिसेंबरमध्ये ५.२५ वर आला. रेपोला जोडलेल्या कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावाच लागतो, त्यामुळे आमचाही उतरला. साध्या गृहकर्जात अशा वेळी बँका बहुधा हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करतात. वरच्याच उदाहरणात २० लाखांवर सव्वा टक्का कमी झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत साडेतीन वर्षांहून जास्त घटते. ज्यांचं कर्ज २०१९ च्या आधीचं आहे, त्यांनी ते रेपोला जोडलंय का ते शाखेत जाऊन बघावं.

कराचं थोडक्यात. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, मग कर्जाचं व्याज. जुन्या करप्रणालीत यातला तोटा पगारातून वर्षाला दोन लाखांपर्यंत वजा होतो, नव्या प्रणालीत पगारातून काहीच नाही. कर्ज घेण्याआधी दोन्ही मांडून घ्या. खात्यात जादा पैसे ठेवल्यानं व्याज कमी लागतं, म्हणजे वजावटही कमी होते, पण माझ्या हिशेबात तरीही फायदाच राहतो.

आता धाकट्या दिरांना भुसावळ रस्त्यावर गाळा घ्यायचाय, तोही भाड्यानंच द्यायला. त्यांना मी हे कर्ज सुचवलं नाही. गाळ्याला गृहकर्जाचा दर मिळत नाही, मुदत कमी, स्वतःची रक्कम जास्त. भाड्यावर कर्ज देणाऱ्या बँका आहेत, पण त्यांना नोंदणीकृत, लांब मुदतीचा करार आणि भक्कम भाडेकरू लागतो. आपल्याकडे सगळे ११ महिन्यांवर चालतात. म्हणून त्यांना म्हटलं, भाऊ, आधी भाडेकरू पक्का करा, मग गाळा बघू.