कोल्हापुरात गटानं स्केचिंगला: पंचगंगा घाट की रंकाळा तलाव?

दहा-बाराजणांचा गट असेल तर माझं मत पंचगंगा घाटाला. पायऱ्यांवर वर-खाली बसलं की एकच दीपमाळ प्रत्येकाला वेगळ्या कोनातून दिसते, मागच्याला पुढच्याचा कागदही दिसतो. शिकणं तिथंच होतं. नवख्यांनी आधी पायऱ्यांच्या आडव्या रेषा पकडाव्यात, देवळं नंतर. पावसाळ्यात मात्र पाणी चढलं की घाट बुडतो, तेव्हा नाद सोडायचा.

रंकाळा जलरंगासाठी. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवलेलं हे पाणी, त्याचं आकर्षण कोल्हापुरात कुणाला नाही? शालिनी पॅलेस वायव्य काठावर असल्यानं सकाळचं ऊन दर्शनी बाजूवर येतं, सावल्या स्पष्ट मिळतात. संध्याकाळी चौपाटीला गर्दी होते, गट विखुरतो. सकाळीच जावं, तेही चार-पाचजणांनी.