एसीचं 'फुल किट' घेताय? आधी हे वाचा, मग पैसे द्या

सांगली, मिरज, कुपवाड भागातली जी पोरं आयटीआय करून नाहीतर कुणाच्या हाताखाली शिकून एसीच्या कामाला लागणार आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. इकडं एक क्लास चालतो, नाव घेत नाही, तिथं तीन महिन्यांचा एसी कोर्स आणि सोबत 'कंपनीचं फुल किट' (एसीच्या कामाची सगळी हत्यारं आणि गॅसचा डबा) असं पॅकेज विकतात. फी वेगळी, किटचे २८ हजार वेगळे. माझे ते २८ हजार कसे गेले ते सांगतो.

क्लासचे सर बोलायला लय गोड. "बाहेर हेच सामान घ्यायला गेलास तर पंचेचाळीस हजार मोजशील, माझी डायरेक्ट इम्पोर्टरशी ओळख हाय," असं प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगणार. पैसे सुरुवातीलाच, किट मात्र कोर्स संपताना. केस उघडून लांबून दाखवायचा, व्हॅक्यूम पंप (एसीच्या पाईपातली हवा-ओलावा ओढून काढणारा) चालवून बघू म्हटलं की "सील तुटलं की वॉरंटी जाते". आणि वॉरंटी कार्ड हातात आलं तर त्यावर शिक्का नाही, तारीख नाही, नुसता छापील कागद!

पहिलं काम कुपवाडला, दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, आर ३२ गॅस. होज (गेज एसीला जोडायची नळी) लावायला गेलो तर बसेना, कारण किटमधले होज पाव इंची, जुन्या आर २२ गॅसवाले, आणि आर ३२ च्या सर्व्हिस पोर्टला (एसीवरच्या होज जोडायच्या तोंडाला) ५/१६ इंची लागतं, अडॅप्टर किटमध्ये नव्हताच. तो मिरजेतनं आणला. मग मॅनिफोल्ड, म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणारा दोन काट्यांचा गेज, नीट बघितला. लो साइडचे (कमी प्रेशरच्या बाजूचे) आकडे २५० पीएसआयला (प्रेशरचं माप) संपतात. आता उन्हाळ्यात तीस डिग्रीला मशीन नुसतं बंद असलं तरी आर ३२ चं प्रेशर २६५ च्या आसपास असतं, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच काटा स्केलच्या बाहेर. हाय साइड तर चालू मशीनला चारशेच्या वर सहज जाते. थोडक्यात जुन्या गॅसचा पडून असलेला माल 'सगळ्या गॅसला चालतो' म्हणून गळ्यात मारला होता.

पंपानं तर कमालच केली. अर्धा तास व्हॅक्यूम मारला, काटा खाली उणे तीसला जाऊन टेकला, सगळं बरोबर दिसलं. पुढं थोड्याच दिवसांत गिऱ्हाईकाचा फोन, कूलिंग नाही. तेव्हा आमच्याकडचे एक जुने मेकॅनिक काका आले, त्यांनी त्यांचा मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारीक मोजणारा, आकडा जितका कमी तितका चांगला) सरळ पंपाच्याच तोंडाला लावला, मधे पाईप नाही, एसी नाही, काही नाही. चांगला पंप असा लावला की आकडा बघता बघता ५०० मायक्रॉनच्या खाली उतरतो. ह्याचा सहा हजाराच्या आसपास जाऊन बसला तो हलेचना. मॅनिफोल्डच्या काट्याला ५०० आणि ५००० मधला फरक दिसतच नाही, काटा दोन्हीला तळालाच, त्यामुळं बोगस पंप असा खपून जातो आणि पाईपातला ओलावा आतच राहतो. काकांनी 'टू स्टेज'चा (दोन टप्प्यांत ओढणारा पंप) चकचकीत स्टिकर नखानं उचलला तर खाली पत्र्यावर सिंगल स्टेज! सिंगल स्टेज पंप वाईट असतो असं नाही हां, चांगला असला तर घरगुती एसी आरामात करतो. हा सिंगल म्हणूनही धड नव्हता.

कूलिंग गेलं ते मात्र फ्लेअरनं, म्हणजे नटनं जोडायला फुलवलेल्या कॉपर पाईपच्या तोंडानं. किटमधलं फ्लेअरिंग टूल असलं की कॉपर पकडीतनं सरकायचं, कडा एका बाजूला जाड एका बाजूला पातळ, नट कितीही आवळा गॅस झिरपणारच. काकांच्या एक्सेंट्रिक टूलनं त्याच पाईपला फ्लेअर काढला तर आरशासारखा आला. टाँग टेस्टर (करंट मोजायचा मीटर) पण तसलाच, एका फिक्स स्पीड मशीनला काकांचा मीटर सात अँपिअरच्या वर दाखवतोय आणि माझा साडेचार. कपॅसिटर मोजायची सोय तर नव्हतीच, आणि उन्हाळ्यात बऱ्याच तक्रारी कपॅसिटरच्या असतात.

पण ज्याची खरी भीती वाटली ते म्हणजे गॅसचा डबा. वर आर ३२ छापलेलं. काकांनी तो सावलीत ठेवला, डब्याचं तापमान तीसच्या आसपास आल्यावर स्वतःचा गेज लावला. २६५ यायला पाहिजे तिथं दीडशेच्या आसपास. आर २२ असेल, नाहीतर प्रोपेनची कायतरी भेसळ असेल, आर ३२ नव्हता एवढं नक्की. प्रोपेनसारखा पेट घेणारा गॅस असेल आणि शेजारी कुणी ब्रेझिंगचा (पाईप जोडायचा) टॉर्च पेटवला तर काय होईल विचार करा. (२६५ आला म्हणून डबा शंभर टक्के खरा असंही नाही, आर ४१० ए चं प्रेशर जवळपास तेवढंच असतं.)

परत करायला गेलो तर सर म्हणाले, "तुला टूल वापरता येत नाही त्याला मी काय करू?" बिल मागितलं तर लेटरहेडवर हातानं लिहून दिलं, त्यावर जीएसटी नंबर चौदा आकडी-अक्षरी. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो, आपल्या महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानदाराचं नाव फुकटात दिसतं. बाकी सगळं जाऊ दे, हे तरी पैसे द्यायच्या आधी तिथंच मोबाईलवर बघा.

आता मी एकेक करत घेतोय. पहिला चांगला टाँग टेस्टर, मायक्रोफॅरड (म्हणजे कपॅसिटर) मोजणारा आणि कॅट थ्री ६०० व्होल्टच्या सुरक्षा रेटिंगचा. मग एक्सेंट्रिक फ्लेअरिंग आणि रीमरवाला (पाईपाची कड साफ करणारा) कटर, मग पंप, दुकानात तोंडाला गेज लावून दाखवतील त्यांच्याकडनंच. मॅनिफोल्ड आर ३२ आणि ४१० ए चा, लो ५०० हाय ८०० पर्यंतचा. वजनकाटा पण लवकर घेतला, गॅस नेमप्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमनंच भरायचा. नायट्रोजनचा सेट आणि मायक्रॉन गेज सध्या काकांचा वापरतो, गल्लीतल्या दोघा-तिघांत मिळून घेतला तरी चालतं.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकलीय, यूपीआयच्या पेमेंटचे स्क्रीनशॉट, पंपाचे स्टिकर काढायच्या आधीचे आणि नंतरचे फोटो सगळं जोडलंय. त्यानंतर सरांचा फोन आला, निम्मे घे आणि तक्रार काढ म्हणतोय. अजून काढली नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची नवी बॅच भरतेय, ज्यांनी टोकन दिलंय त्यांनी उरलेले पैसे द्यायच्या आधी किटमधल्या प्रत्येक वस्तूचं नाव, मॉडेल, सिरीयल नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा आणि पंप समोर चालवायला लावा.