मेडिकल चौकातील परिचारिका कौशल्यवर्ग : शिकायला अवश्य जावे, नोकरीच्या भरवशावर जाऊ नये

बी.एस्सी. नर्सिंगचा शेवटचा निकाल लागल्यापासून महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हाती येईपर्यंतचा काळ मोठा अवघड असतो. चार वर्षांचे शिक्षण पूर्ण झालेले असते, घरचे लोक नोकरीविषयी विचारू लागतात, पण नोंदणीक्रमांक नसल्यामुळे कोणतेही जबाबदार रुग्णालय आपल्याला स्वतंत्रपणे रुग्ण सोपवत नाही. गेल्या वर्षी याच काळात मी नागपुरातील मेडिकल चौकाजवळ चालणाऱ्या, नव्याने उत्तीर्ण झालेल्या परिचारिकांसाठीच्या सहा आठवड्यांच्या कौशल्यवर्गात प्रवेश घेतला. आता मला रामदासपेठ भागातील एका खासगी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात नोकरीला लागून सात महिने झाले आहेत. वर्गात शिकवलेले प्रत्यक्ष ड्यूटीवर किती उपयोगी पडले, हे आता खात्रीने सांगता येईल असे वाटल्यामुळे हे लिहीत आहे. वर्गाचे नाव मी देत नाही, कारण माझी एक तक्रारही आहे. शिवाय अशा धर्तीचे वर्ग शहरात आणखीही चालतात, आणि ते पारखून घेण्याच्या खुणा सगळीकडे सारख्याच आहेत.

वर्ग एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भरतो. एका खोलीत तीन खाटा, एक इन्फ्यूजन पंप (सलाईन ठरावीक वेगाने देणारे यंत्र), एक सक्शन मशीन आणि इमर्जन्सी ट्रॉली आहे. दुसऱ्या खोलीत खुर्च्या आणि फळा आहे. आमच्या बॅचमध्ये चोवीस जण होते, त्यांत पाच मुलगे. निम्म्याहून अधिक जण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूचे होते आणि मेडिकल चौकाच्या आसपास खोली करून राहत होते. शिकवणाऱ्या मॅडम शासकीय रुग्णालयातून परिसेविका (वॉर्डाच्या प्रमुख परिचारिका) म्हणून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांची तीसएक वर्षे वॉर्डात गेली आहेत, आणि या वर्गात मोलाचे असे जे काही आहे ते त्यांच्यामुळेच आहे.

पहिले दोन आठवडे हातांच्या कामाचे असतात. महाविद्यालयात हे शिकवलेले नसते असे नाही, परंतु क्लिनिकल पोस्टिंगमध्ये एका खाटेभोवती दहा-बारा विद्यार्थिनी उभ्या असतात आणि प्रत्यक्ष कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) लावायची पाळी एखाद-दुसरीवरच येते. येथे सरावासाठी एक रबरी हात आहे. त्याच्या कोपराच्या घडीत सुयांनी इतकी छिद्रे पडली आहेत की तिथला रबर जवळजवळ भुगा झाला आहे, आणि मनगटाकडचा भाग मात्र कोरा आहे. पहिल्याच दिवशी मॅडमनी तो हात उलटा करून आम्हाला दाखवला. आमच्या आधीच्या सगळ्या मुलींनी सोपी म्हणून कोपराचीच शीर धरली, पण रुग्णाने हात वाकवला की तिथली कॅन्युला निकामी होते, म्हणून सुरुवात हाताच्या खालच्या भागापासून करायची आणि वरच्या शिरा पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवायच्या, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर कोपराला कोणी हात लावला की त्या सुई काढून घेत. गुलाबी वीस नंबर, निळी बावीस, पिवळी चोवीस, हिरवी अठरा हे कॅन्युलांचे रंग आणि नंबर (नंबर जितका मोठा, तितकी नळी बारीक) आम्हाला पाठ होते. रक्त चढवायचे असताना निळीऐवजी हिरवी किंवा गुलाबी का निवडायची आणि म्हाताऱ्या माणसाच्या नाजूक शिरेत हिरवीचा अट्टहास का करायचा नाही, हे मात्र तिथे समजले.

सलाईनच्या थेंबांचा हिशेबही असाच शिकवला जातो. ५०० मिली सलाईन आठ तासांत द्यायचे आहे आणि संच एका मिलीला वीस थेंबांचा आहे, तर मिनिटाला साधारण एकवीस थेंब, हे गणित परीक्षेत आम्ही सगळ्यांनीच सोडवले होते. येथे मॅडम मनगटावरचे घड्याळ काढून आमच्या हातात देत आणि पंधरा सेकंदांत पाच थेंब पडतील इतके चाक फिरवायला सांगत. मग रुग्ण म्हणून झोपलेल्या मुलीला कूस बदलायला लावत आणि थेंब पुन्हा मोजायला सांगत. हात हलला की वेग बदलतो, म्हणून रुग्णाने कूस बदलली की पुन्हा थेंबांकडे पाहायचे, ही सवय मला तिथेच लागली.

तरीही एवढ्यासाठीच मी या वर्गाची शिफारस केली नसती, कारण हातांची कामे चांगल्या वॉर्डात दोन-तीन महिन्यांत कोणीही शिकते. नव्या परिचारिकेला खरोखर अडते ते डॉक्टरांशी बोलताना. रात्रीच्या ड्यूटीत रुग्णाचे काहीतरी बिघडत असते, ते तिला दिसतही असते, पण डॉक्टरांना फोन करायला ती घाबरते. आणि फोन केलाच, तर बोलणे असे लांबत जाते की पलीकडच्याला काहीच बोध होत नाही. या वर्गाचा तिसरा आणि चौथा आठवडा केवळ यासाठी आहे, आणि नागपुरात दुसरीकडे कुठे हे इतक्या निगुतीने शिकवलेले माझ्या पाहण्यात नाही.

पद्धत एसबार या नावाने ओळखली जाते. ती मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधील, पुढे रुग्णालयांनी उचललेली. रुग्णाला आत्ता काय झाले आहे, आधीची पार्श्वभूमी काय, आपल्याला काय दिसते आहे आणि डॉक्टरांकडून काय हवे आहे, या चार गोष्टी याच क्रमाने सांगायच्या. पुस्तकात ही चार ओळींची गोष्ट आहे. मॅडम मात्र शेजारच्या खोलीत फोन घेऊन बसत आणि आम्ही एकेकीने, खाटेजवळचा तक्ता हातात धरून, त्यांना फोन लावायचा. माझ्या वाट्याला आलेला रुग्ण पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दिवसाचा होता. मी त्याच्या दाखल होण्यापासून सुरुवात केली. अर्धे मिनिट ऐकून घेतल्यावर मॅडम म्हणाल्या, "बाई, तू मले कहाणी सांगून राहिली. डॉक्टर झोपेतून उठून राहिला, त्याले पहिल्याच वाक्यात समजलं पाह्यजे का पेशंटले काय झालं." आणि त्यांनी फोन ठेवून दिला. तो फोन मला त्या दिवशी सहा वेळा लावावा लागला. सहाव्या वेळी मी स्वतःचे नाव, वॉर्ड, खाट आणि "रुग्णाचा रक्तदाब ९०/६० वर आला आहे" हे एका दमात सांगितले, तेव्हा त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

नोकरी लागल्यानंतर पाचव्या आठवड्यात, पहाटे अडीचच्या सुमारास, माझ्या वॉर्डात जवळजवळ तोच रुग्ण होता. नाडी १२४ झाली होती, रक्तदाब खाली येत होता आणि दोन तासांत लघवीच्या पिशवीत जेमतेम वीस मिली भर पडली होती. प्रौढ माणसाची लघवी तासाला, वजनाच्या किलोमागे अर्ध्या मिलीपेक्षा कमी झाली तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नसते. साठ किलोच्या माणसाला दोन तासांत साठ मिली तरी व्हायला हवी. माझ्याबरोबरच्या सिस्टर दुसऱ्या रुग्णाकडे अडकल्या होत्या. मी फोन लावला, चार वाक्ये बोलले आणि शेवटी "सर, आपण येऊन पाहावे असे मला वाटते" हेही म्हटले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली सलाईनची मात्रा मी त्यांना पुन्हा वाचून दाखवली, वेळेसह नोंदवली, आणि ते आले. रुग्ण सावरला. तो माझ्यामुळे सावरला असे मला मुळीच सुचवायचे नाही. परंतु तो फोन मी पाऊण तास लांबणीवर टाकला नाही, याचे श्रेय मी या वर्गालाच देते.

बाकीच्या भागांविषयी थोडक्यात लिहिते. हृदय बंद पडल्यावर करायच्या सीपीआरचा सराव अपुरा आहे. चोवीस जणांमध्ये एकच पुतळा असल्यामुळे प्रत्येकीला दोन-तीन मिनिटेच मिळतात, आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाबांचा ठेका तेवढ्यात अंगवळणी पडत नाही. ड्यूटी बदलताना रुग्ण सोपवणे, औषधाची नोंद, चूक झाल्यास ती न खोडता कशी दुरुस्त करावी, हे चांगले शिकवतात. मुलाखतीची तयारीही बरी करून घेतात. माझ्या मुलाखतीत पोटॅशियम क्लोराइडविषयी प्रश्न आला. ते थेट शिरेत कधीही टोचायचे नाही, पातळ करून आणि सावकाशच द्यायचे, शक्यतो पंपावर, एवढे मी न अडखळता सांगू शकले. स्पर्धापरीक्षेचा भाग मात्र सोडून द्यावा. कोणीतरी आधी ध्वनिमुद्रित केलेली व्याख्याने आपल्याला मोबाइलवर पाठवली जातात, शंका विचारण्याची सोय नाही, आणि त्यांतील प्रश्न जुन्या पद्धतीचे आहेत. एम्स रुग्णालयांतील परिचर्या अधिकाऱ्यांच्या भरतीसाठी दिल्लीच्या एम्सतर्फे २०२० पासून घेतली जाणारी नॉरसेट परीक्षा २०२३ पासून पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते, याची त्या व्याख्यानांत दखलसुद्धा नाही.

आता तक्रारीविषयी. वर्गाच्या जिन्यात "शंभर टक्के नोकरी" असा फलक आहे, आणि वर्गाच्या शुल्कातील बराच मोठा भाग या नोकरी-साहाय्यासाठी घेतला जातो. हे काम मॅडमकडे नसून कार्यालयातील एक गृहस्थ पाहतात. त्यांनी आमच्यापैकी बहुतेकांना तीस-पस्तीस खाटांच्या लहान रुग्णालयांत पाठवले. मला जिथे पाठवले तिथे महिना अकरा हजार रुपये, एक वर्षाचा बाँड, आणि मूळ प्रमाणपत्रे जमा करण्याची अट होती. मी प्रमाणपत्रे देण्यास नकार दिला, तेव्हा "सगळ्या मुली देतात, तुम्हालाच काय अडचण आहे?" असे मला विचारण्यात आले. अडचण अशी आहे की मूळ प्रमाणपत्रांशिवाय ना दुसऱ्या नोकरीच्या कागदपत्र पडताळणीला उभे राहता येते, ना सरकारी भरतीच्या. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात ठेवून वर्षभर काम करणे म्हणजे पायात दोरी बांधून घेण्यासारखे आहे. पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवावी, साक्षांकित प्रत द्यावी, मूळ प्रत परत घेऊनच बाहेर पडावे.

वेतनाबाबतही एक गोष्ट प्रत्येक नव्या परिचारिकेला माहीत असायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगारासाठी शिफारशी केल्या होत्या, आणि त्यांनुसार पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये. ही शिफारस आहे, तिच्या जोरावर लगेच भांडता येत नाही, हे मी जाणते. पण अकरा हजारांना "फ्रेशरसाठी हाच दर आहे" असे कोणी सांगितले, तर तो दर या शिफारशीपेक्षा बराच कमी आहे, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.

याहूनही मला जास्त लागले ते माझ्या शेजारी बसणाऱ्या, भंडाऱ्याकडच्या मुलीचे. ती जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली आहे आणि तिला नॉरसेट द्यायची आहे. बी.एस्सी. झालेल्यांना त्या परीक्षेसाठी अनुभवाची अट नाही, परंतु जीएनएम झालेल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिला पाठवले तीस खाटांच्या रुग्णालयात. तिथे तिने दोन काय, चार वर्षे राबून काढली तरी नॉरसेटसाठी त्यांतला एक दिवसही मोजला जाणार नाही. शुल्क घेऊन नोकरी देणाऱ्या माणसाने पाठवण्यापूर्वी एवढे पाहायला नको का? तिला हे कळले तेव्हा पाच महिने उलटून गेले होते. नागपूरच्या मिहान भागातल्या आपल्याच एम्समध्ये लागण्याची तिची इच्छा आहे, आणि आता तिला अनुभवाचा पहिला दिवस नव्याने मोजायला सुरुवात करावी लागली आहे.

माझी नोकरी मी स्वतःच शोधली. कागदपत्रांच्या प्रती आणि बायोडेटा घेऊन मी तीन दिवस धंतोली आणि रामदासपेठेतील रुग्णालये पायी फिरले, स्वागतकक्षात कागद सोडून न येता प्रत्येक ठिकाणी मेट्रनला (परिचारिकांच्या प्रमुखांना) भेटण्याची वेळ मागितली, आणि पाचव्या रुग्णालयात मला मुलाखतीला बोलावले. सकाळी आठची ड्यूटी लागल्यावर मेट्रन कामात असतात. अकरानंतर गेले तर भेट होण्याची शक्यता अधिक असते. खाटा किती, नोंदणीकृत परिचारिका किती, नव्या मुलीला पहिले किती दिवस अनुभवी सिस्टरबरोबर ठेवतात, हे प्रश्न मी तिथे विचारले, आणि कोणालाही ते उद्धटपणाचे वाटले नाहीत.

या वर्गात जायचे असेल तर प्रवेशाच्या वेळी फक्त कौशल्यभागाचे शुल्क विचारावे. ते आपणहून सांगत नाहीत, पण विचारल्यावर वेगळे घेतात. मी एकूण ९,००० रुपये भरले, आणि माझ्यानंतरच्या बॅचमधील दोन मुलींनी केवळ कौशल्यभागासाठी ५,५०० रुपये भरले. मॅडम सकाळच्या बॅचला स्वतः शिकवतात. संध्याकाळच्या बॅचला बहुतेक दिवस त्यांच्या एक जुन्या विद्यार्थिनी असतात, म्हणून सकाळचीच बॅच मागावी.